टोमॅटो आणि सासूबाई

प्रिय यशपाल,

फोनवर बोलायची सोय नाही, तुमच्या आईंचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून लिहिते. रविवारी संघपाल भाऊजी त्यांना कायमचं मंद्रूपला स्वतःच्या घरी न्यायला येणार, असं तुम्ही पुण्यात बसून ठरवलंत. आमचं दोघींचं पटत नाही, असं मीच सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. असो. आधी गच्चीवरची बातमी ऐका.

टोमॅटो धरलेत. सुरुवातीला नळाला पाणी आलं की मी कुंड्या तुडुंब भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत तिकडे फिरकायची नाही. फळं खालून काळी पडायला लागली. आई गुडघे धरत जिना चढून आल्या, एक फळ उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "रोज थोडं थोडं पाणी दे की." तंबाखूसाठी आणलेला चुना पाण्यात कालवून त्याची निवळी त्यांनी मुळाशी घातली. नंतरची फळं नितळ आली.

मग काय, आईंना जोर चढला! पानांवर माव्याची कीड पडली तेव्हा मला न विचारता त्यांनी तंबाखूचं पाणी मारलं, आणि दोन रोपांची पानं पार आकसली. मी कपाळाला हात लावला, ती रोपं उपटली आणि बाकीच्यांवर निंबोळी अर्क फवारला. आई दिवसभर वर फिरकल्या नाहीत. संध्याकाळी मात्र आपणहून बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा कोंब, खुडायला बसल्या. तेव्हापासून सकाळी आम्ही दोघी वरच असतो. भांडतोही, शेणखत किती घालायचं, काठी कुठं बांधायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं कधी बोललो नव्हतो. मला बरं वाटतं, यशपाल.

काल आईंनी गाठोडं बांधलं. जायचं नाही, असं चकार शब्दाने म्हणाल्या नाहीत. राहा, असं मीही म्हणाले नाही; मीही काही कमी नाही. आज सकाळी बघते तर सगळ्यात मोठं पिकलेलं फळ चिरून, बी राखेत घोळून त्यांनी खिडकीत वाळत घातलेलं. मंद्रूपला न्यायचं का, म्हणून विचारलं.

"तितं कशाला? फुडल्या बारीला हितंच लावायचं," म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.

हे वाचताच भाऊजींना फोन करा आणि येऊ नका म्हणून सांगा. आईंनी कारण विचारलं तर म्हणावं, प्रतिक्षाला तुझ्याशिवाय करमायचं नाही. खोटं नाही ते.

तुमचीच,
प्रतिक्षा