सिग्नेची फिल्म

प्रिय बोडिल,

तू विणलेले मोजे पोचले. सिग्नेनं लगेच घातले आणि फरशीवर घसरगुंडी करून खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची बोलणी खाल्ली. म्हणजे मोजे पसंत आहेत.

मेटे आम्हाला सोडून ऑस्लोला गेल्यापासून मी आणि सिग्ने दोघंच, तरी घराची घडी बसलीय. पोट साफ व्हायची पावडर सिग्ने सरबतातून मुकाट्यानं घेते. नर्स इंगेरनं आम्हाला चित्र काढून समजावलं होतं : आतडं तुंबलं की ते मूत्राशयाला दाबतं, मग चड्डीही ओली आणि अंथरूणही. यात पोरीचा आळस नाही की हट्ट नाही. पण वर्गातल्या कार्ट्यांना हे कोण सांगणार? ‘डबकं आलं रे!’ म्हणून ती सगळी आपली बाकं लांब सरकवायची.

दवाखान्यात इंगेर मुलांना आपापली गोष्ट टॅबलेटवर करायला शिकवते. चित्रं मुलांची, आवाज मुलांचाच, मोठ्यांनी एक शब्दही बदलायचा नाही. सिग्नेनं स्वतःला पाणमांजर केलंय, चड्डी घातलेलं. जेवायच्या टेबलावर रंगवत बसायची, मी जवळ गेलो की हातानं झाकायची. आता ती फिल्म तिथं येणारी मुलं पाहतात. ओडेन्सहून येणाऱ्या एका मुलानं ती पाहून शाळेतल्या बाईंना पहिल्यांदाच सांगितलं म्हणे, ‘मलापण त्या पाणमांजरासारखं होतं.’ ऐकून माझा ऊर भरून आला. इंगेरला म्हटलं, मग आता मला दाखव की! कोणाला दाखवायचं ते मूलच ठरवतं, असा तिथला नियम आहे, ती म्हणाली. ‘सिग्ने सगळ्या मुलांना दाखवा म्हणालीय. आईला आणि आत्याला पाठवा म्हणालीय. तुला मात्र नको, एस्किल.’ का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘बाबा रडतो, असं म्हणाली.’

चादरी मी इमारतीच्या तळघरात धुतो. मशिनच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नसेल असं मला वाटायचं. धुण्याचा मला कंटाळा नाही गं. एवढंसं लेकरू काय काय सोसतं, म्हणून रडू यायचं. एकदा ती जाकीट शोधत खाली आली होती, तशीच परत गेली. हल्ली सकाळी उठली की आधी माझं तोंड बघते आणि मग म्हणते, ‘आज कोरडं.’ परवा ओली चादर तिच्या खेळण्यांच्या खोक्यात सापडली. मी म्हटलं, अगं, लपवू नकोस, मला काही वाटत नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि मोठ्या बाईसारखा माझ्या पाठीवरून हात फिरवला. नऊ वर्षांची पोर मला सांभाळतेय, बोडिल. मला हे सहन होत नाही.

फिल्म तुला मिळाली असेल. मेटेला विचारवत नाही. आमचं बोलणं आता सिग्नेला न्यायच्या-आणायच्या गाडीच्या वेळांपुरतं उरलंय. मला ती चोरून दाखवू नकोस. तिच्यात काय आहे तेही सांगू नकोस, सिग्नेचा शब्द मोडायचा नाही. एवढंच कळव. घरी ती हसते, पण आधी माझ्याकडे बघून. फिल्ममध्ये, मी समोर नसताना, ती कुठं खळखळून हसते का?

तुझाच भाऊ,
एस्किल