हत्तीला वाट

४ नोव्हेंबर
पुन्हा आला! शेजारच्या शेवंतीची केळीची बाग साफ. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायची होती केळी. गुरुदास पंच मला म्हणतो, "सुभेदार, लढायेर गेल्लो मनीस तुमी. एका हत्तीक भियालात?" भ्यालो? मी?
आठ तारखेला वनखात्याचं पथक येणार. बेशुद्ध करून नेणार, मग जन्मभर साखळी. जेमतेम दहा वर्षांचं पोर ते, कळप सोडून आलंय. नाही नेऊ देणार! त्याआधी तिळारीच्या रानात परत घालवायचाच.

५ नोव्हेंबर
अंगणात रेतीचा नकाशा मांडला. काजूच्या बिया म्हणजे माणसं, नारळ म्हणजे हत्ती. तीन बाजूंनी ढोल-डबे, रानाकडची कालव्याची बाजू मोकळी. शत्रूला पळायला वाट ठेवावी, पलटणीत शिकलोय. बायको केरसुणी घेऊन उभी — "तुमचो खेळ झालो काय सांगा!"

६ नोव्हेंबर
फजिती. पहाटे चाळीस माणसं काढली. हत्ती कालव्यापर्यंत गेला आणि उलटून थेट आमच्यावरच! गुरुदासच्या भाताची उडवी उधळली. "करूंक गेल्लात गणपती, झालो मारुती!" म्हणाला.

७ नोव्हेंबर
विनोदिनी नकाशाकडे बघून म्हणाली, "तुमी सगळा हंयसून बघतास. तेका थंयसून काय दिसतां?" थंयसून, म्हणजे हत्तीच्या बाजूने! बायकोचं नाव विनोदिनी, पण हा विनोद नव्हता.
तडक कालव्यावर गेलो. पावलं काठापर्यंत येतात नि परततात — पाच ठिकाणी! तो रोज घरीच जायला बघतोय. आला पुलावरून, आणि तो पूल आम्ही गेल्या आठवड्यात दुरुस्तीला तोडला. कालवा कोरडा, पण पुरुषभर खोल, भिंती सिमेंटच्या. मोकळी बाजू म्हणे! गाढव मी!
पंजाबात सरावाला कालव्यातून रणगाडे नेले होते, उतार घालून. हत्ती त्याहून हलका. रेतीच्या गोण्या भरा! दुपारपासून सगळा गाव राबला. पहिली गोणी शेवंतीने टाकली. गुरुदाससुद्धा आला, शिव्या घालत. सहाला दोन्ही काठांना उतार तयार. ढोल बंद, सगळे घरात. हात सोलपटलेत, पण जाणार तो. जाणारच!

८ नोव्हेंबर
गोण्यांवर पावलं आहेत. येणारी! तिघांची. उतार दोन्हीकडून चालतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बागेत चौघे उभे, मोठी हत्तीण त्याच्या पाठीवर सोंड टाकून. पथकाने बघितलं, गाडी वळवली. कळपातल्याला नेत नाहीत म्हणे. सुटला पोरगा! — आणि आता चार.