एक टॅड, एक स्मिजन आणि आईंची कवळी

ती. दादांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांगावा. आपल्या गुडघ्याला आराम पडला असेल. पडला नसला तरी आपण कुणाला सांगणार नाही हे ठाऊक असल्यामुळे पडलाच असं धरून चालतो. इकडे सर्वांची तोंडं ठीक आहेत, एक सोडून. त्याच तोंडाविषयी हे पत्र आहे.

आई आपल्याकडून परतल्या त्या कवळीशिवाय. प्रवासात हरवली, एवढं तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या आणि त्यानंतर माझ्यासमोर बोलणंच बंद केलं. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. (हे हिनं वाचू नये म्हणून अक्षर मुद्दाम लहान काढतो आहे.) माझा घास केवढा आहे यावर कुणी काही म्हणेना, वर्तमानपत्राची घडी उलटी घातली म्हणून कुणी उसासे टाकेना. पण मग त्या ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागल्या आणि दार लावून, गिळता येईल असं काहीबाही एकट्याच खाऊ लागल्या. समोरची ती रिकामी खुर्ची पाहून मलाच घास उतरेना. दादा, मला त्यांच्या टोमण्यांची सवय झाली आहे, हे मी लिहून देतो. तोंडी कधी म्हणणार नाही.

हिनं तर उच्छाद मांडला. जगाला दात वाटत फिरता आणि घरात माझी आई बोळक्या तोंडानं बसली आहे, दिव्याखाली अंधार तो हाच, वगैरे. मी तर पहिल्याच दिवशी कवळी करायला तयार होतो. पण आईंचा हट्ट असा, की जावयापुढे बोळकं तोंड उघडणार नाही. दवाखान्यात येईन, एकदाच येईन, आणि त्या वेळी जावईबापू त्या इमारतीत असता कामा नयेत. माप डॉक्टरबाई मी घरी नसताना येऊन घेऊन गेल्या, पण आमच्या दवाखान्यात कवळ्या करणारा मी एकटाच. शेवटी हिनं त्यांना सांगितलं की मी रजेवर आहे आणि आत बदलीचा माणूस बसला आहे. तो बदलीचा माणूस म्हणजे मीच. मागच्या खोलीत, तोंडाला फडकं आणि हातांत मोजे घालून, श्वास धरून बसलेला.

आता आमची कामाची रीत सांगतो, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल. एरवी मी बाहेर येऊन तोंडात डोकावतो, कुठे लागतं ते डोळ्यांनी बघतो आणि मग कवळी मोटरच्या फिरत्या दगडानं घासतो. या वेळी ते शक्य नव्हतं. भिंतीतल्या छोट्या खिडकीतून डॉक्टरबाई ट्रेमधून कवळी आत सरकवणार, किती घासायचं ते एका शब्दात सांगणार, आणि मी त्या शब्दावर भरवसा ठेवून घासणार. आमच्या डॉक्टरबाई शिकल्या परदेशात. दात त्या मराठीतून उपटतात, पण बारीकसारीक सगळं इंग्रजीतून. त्या भाषेत ‘थोडं’ म्हणायला जितके शब्द आहेत तितके माणसाला दातही नाहीत. टॅड, स्मिजन, टच, हेअर. शब्दकोशात पाहावं तर सगळ्यांपुढे एकच अर्थ: थोडेसे. (ज्यानं तो कोश केला त्यानं जन्मात कवळी घासली नसावी.) आपल्याकडेही तिळभर, कणभर, तसूभर आहे म्हणा, पण तिळभर फरक पडत नाही म्हणताना कुणी तीळ काढून दाखवत नाही. मी आपली माझ्यापुरती उतरंड लावून ठेवली आहे. टॅड म्हणजे दगड दाबून, स्मिजन म्हणजे दगड नुसता टेकवून, हेअर म्हणजे दगड नाहीच, फक्त घासायचा कागद.

आई खुर्चीत बसल्या. खिडकीतून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या, एकमेकींना घट्ट चिकटून ठेवलेल्या. पहिली खेप झाली, बाई म्हणाल्या, “अ टॅड.” मी घासलं. पूड नाकात गेली आणि मला शिंक आली. फडकं दाबलं तरी अर्धी बाहेर पडलीच. मग बाई म्हणाल्या की आतल्या माणसाला सर्दी झाली आहे. चपला हलल्या नाहीत. दुसरी खेप, “अ स्मिजन.” दगड टेकवला, उचलला, कवळी परत गेली. आता ‘हेअर’ येणार म्हणून मी कागद हातात घेऊन उभा होतो. ट्रे आला आणि बाई म्हणाल्या, “डावीकडे जस्ट अ स्कोश.”

स्कोश! दादा, हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. स्मिजनहून मोठा की हेअरहून लहान? विचारावं तर आवाज ओळखू येणार आणि आई खुर्चीतून उठून जाणार. अंदाजानं घासावं तर घासलेलं परत लावता येत नाही. जास्त गेलं तर नवं माप, आणि आई दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाहीत. मला ती रिकामी खुर्ची दिसायला लागली, कायमची. शेवटी मी मोटर चालू केली, ती नुसतीच हवेत फिरू दिली, कवळी जराही न घासता धुतली आणि ट्रेमध्ये ठेवून परत सरकवली.

मग आईंचा आवाज आला, एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा, स्वच्छ: “छान बसली. आतल्या माणसाला सांगा.” मी तिथेच स्टुलावर बसलो. डोळे पुसले तेव्हा पुडीच्या नावावर खपून गेलं.

त्या दिवसापासून आई आमच्याबरोबर जेवतात. काल म्हणाल्या की मी पाणी गुरासारखं पितो. मी दोन पेले जास्त प्यायलो.

मुलांना आशीर्वाद.
आपला आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. आईंची जुनी कवळी आपल्या न्हाणीघरातल्या कपाटात सापडल्याचा निरोप हिला पोचला. कृपा करून ती पाठवू नये. मिळालीच नाही म्हणावं. जुनी हाती आली की त्या माझी काढून ठेवतील, आणि माझ्या हातची एकच वस्तू त्यांना पसंत पडली आहे. पाकीट उघडंच ठेवतो, हिला चार ओळी लिहायच्या आहेत.

ता. क. चि. दादास आईचे आशीर्वाद. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. लहान अक्षर काढलं की कळत नाही असं यांना वाटतं. माझे दात गेलेत, डोळे नाहीत. कवळी हरवली नव्हती, मीच तुझ्या कपाटात ठेवून आले. वर्षभर हलत होती मेली. घरात एवढा चांगला कारागीर, पण आपण होऊन जावयापुढे तोंड उघडायचं कसं? आत कोण बसलंय ते शिंकेलाच कळलं होतं. तेव्हा जुनी टाकून दे. शेवटच्या खेपेला त्यांनी मोटर नुसतीच फिरवली, दगड टेकला की आवाज वेगळा येतो. डावीकडे अजून लागतं. टॅड नाही, स्मिजन. पण हे त्यांना कळवू नकोस. मी घास चावायला लागले की ते आपलं जेवण सोडून समाधानानं माझ्याकडे बघत बसतात. पाकीट मीच चिकटवते आहे.