फी माफीच्या फॉर्मवर सही

पप्पा,

आधी जेवा, मग हे वाचा.

बंगळूरच्या लॉ कॉलेजला मी येत नाही म्हणून कळवलंय. त्यांचं नाव मोठं आहे, पण नावासाठी घर गहाण टाकू देणार नाही. नागपूरला पाचही वर्षं फी माफ आहे. काल ‘फी माफी’ वाचून तुम्ही पेन फेकलंत. म्हणे, “आपण कुणाची माफी मागत नाही!” संपानंतर कंपनीला माफीनामा दिला नाहीत, दोन वर्षं घरी बसलात, म्हणूनच मला वकील व्हायचंय. पण ही माफी मी मागितलेली नाही, मार्कांवर घेतलीय.

फॉर्म टीव्हीखाली आहे. पुन्हा भांडण नको म्हणून मामीकडे जातेय.

सही पूर्ण नावानं करा. माफीनाम्यावर केली नव्हतीत, तीच.

चैताली