लाल चिठ्ठी म्हणजे अत्यंत तातडीचे

२ फेब्रुवारी, सकाळी ६.०५
आजपासून नवा मी. पाणीपुरवठा कार्यालयातल्या आमच्या तक्रार विभागाचे प्रमुख महिनाअखेर रिटायर होताहेत. ती खुर्ची माझीच. स्पर्धेत कोण, तर शेजारच्या टेबलावरची ती. मी तिला मनात ‘टेबल दोन’ म्हणतो. नियोजन शून्य. सगळ्यात वरचं पत्र उचलते, फोन लावते, निकाली काढते, पुढचं उचलते. अशानं कोणी प्रमुख होत नसतं.
निर्धार: रोज पहाटे पाचला उठणे. आज सहा वाजले, पण निर्धार उठल्यावर केला, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
गजर बायकोने बंद केला. घरातूनच असहकार असेल तर माणसानं करायचं काय? ती म्हणते, मोबाइल तुमच्या उशाखाली होता, बंदही तुम्हीच केलात. पुरावा नाही.

४ फेब्रुवारी
टेबलावर ८६ तक्रारी. एकही उघडली नाही, कारण आधी सिस्टिम हवी. तीन रंगांच्या चिठ्ठ्या आणल्या. लाल म्हणजे अत्यंत तातडीचे, पिवळी म्हणजे या आठवड्यात, हिरवी म्हणजे सवडीने. विषय वाचून दिवसभर चिकटवल्या. संध्याकाळी टेबलाकडे बघून ऊर भरून आला. टेबल दोनने नऊ पत्रं निकाली काढली म्हणे. बिचारी.

९ फेब्रुवारी
एक आजोबा आले. चौथ्या मजल्यावर राहतात, दहा दिवस नळाला थेंब नाही. म्हणालो, काही काळजी करू नका, तुमचं पत्र लाल आहे. आजोबांना बरं वाटलं. मलाही वाटलं. कामातलं समाधान ते हेच.

१० फेब्रुवारी, दुपारी १.५०
जेवणानंतर पंधरा मिनिटं डोळे मिटले की कार्यक्षमता वाढते. प्रयोग सुरू.

दुपारी ३.४०
फारच वाढली.

१३ फेब्रुवारी
ऑनलाइन कोर्स लावला. सर म्हणतात, यशस्वी माणूस ‘नाही’ म्हणायला शिकतो. पटलं. आता लाल म्हणजे सिग्नलसारखं: थांबा, या महिन्यात हातही लावायचा नाही. नव्या चिठ्ठ्या चिकटवायला वेळ कुठे आहे? म्हणून जुन्याच ठेवल्या, फक्त अर्थ बदलला. एका मिनिटात काम. याला म्हणतात प्रॉडक्टिव्हिटी.

१७ फेब्रुवारी
आजोबा पुन्हा. अजून लालच आहे म्हणालो. त्यांनी विचारलं, म्हणजे पहिला नंबर ना? मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

१९ फेब्रुवारी
संध्याकाळी ७.१५ ते ७.३० कुटुंबाशी मनमोकळा संवाद, असं वेळापत्रकात टाकलंय. लेक ७.३२ ला काहीतरी सांगायला आली. तिला उद्याची वेळ दिली. बाबा, उद्या मी बिझी आहे, म्हणाली. माझ्यावर गेलीय.

२४ फेब्रुवारी
आजोबा आज थेट कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. हातात दोन रिकाम्या बादल्या. साहेबांनी मला बोलावून लाल चिठ्ठीचा अर्थ विचारला. मी दोन्ही अर्थ सांगितले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंप्रेस झाले असावेत. तेवढ्यात टेबल दोनने माझ्या टेबलावरून आजोबांचं पत्र उचललं, फिटरला फोन लावला. चार वाजता पाणी आलं. कुठलासा वॉल्व्ह बंद राहिला होता, बस. असली किरकोळ कामं करायची आणि साहेबांच्या नजरेत भरायचं! पंचवीस दिवस थांबलेल्या आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२८ फेब्रुवारी
टेबल दोन प्रमुख झाली. टाळ्या मीही वाजवल्या. माझ्याकडची पंच्याऐंशी पत्रं साहेबांनी सगळ्यांत वाटून टाकली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, खोटं कशाला लिहू?

१ मार्च
नव्या मॅडम सकाळी टेबलाशी आल्या. एकच पत्र पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, भाऊ, एवढं जरा बघता का? चिठ्ठी न लावता. मी फोन लावला, फिटर जाऊन आला, उत्तर टाइप केलं. माझं काम म्हणाल तर पंचवीस मिनिटांचं. इतकं बरं वाटलं की दुसरं मागायला उठलोच होतो. मग लाज वाटली, खाली बसलो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, आज काय केलंत? म्हणालो, एक तक्रार निकाली काढली. ती म्हणाली, चला, सुरुवात तरी झाली.

नोकरीला बावीस वर्षं झाली मला.