मासा साबणाने धुतला त्याची हकिकत

ती. मावशीस,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच; उरलेला भेटीत करीन). तुझा खोकला कसा आहे? काका अजून औषधं लपवतात का? मी खुशाल आहे, म्हणजे एक अंगठा सोडून.

तुला माहीतच आहे, माझं लग्न जवळजवळ ठरलंय. फक्त मुलीच्या वडिलांचा होकार अडला होता. परवा सकाळी ते न कळवता दारात उभे. हातात पिशवी, आणि पिशवी हलत होती. स्वतः गळ टाकून पकडलेला हातभर लांब मासा (लोक मिठाई आणतात). म्हणाले, "आमच्या जावयाला मासा साफ करता आला पाहिजे. येतो ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय." मग ते कोचावर ऐसपैस पेपर वाचत बसले.

आत जाईपर्यंत पिशवी हलायची थांबली, म्हणून मासा मेलाय असं समजून मी तो ओट्यावर ठेवला. त्याचा तसा समज नव्हता. तो उडाला तो थेट पिठाच्या डब्यात (निघाला तेव्हा तळायला तयार दिसत होता). कसाबसा शांत झाल्यावर मी खवले काढायला बसलो. सुरी शेपटीकडून डोक्याकडे ओढायची असते हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी नेमकी उलटी ओढत होतो आणि एक खवला हलेल तर शपथ. शेवटी चिडून दिशा बदलली, तर सगळे एकदम निघाले. पंखा सुरू होता. खवले भिंतीवर, चष्म्यावर, दुधात. एक तर बाहेरच्या खोलीत जाऊन पाहुण्यांच्या टकलावर बसला. त्यांनी तो न बघता झटकला, त्यावरून मी ओळखलं की माणूस यात मुरलेला आहे.

पर कापताना अंगठ्यात काटा घुसला. पोट चिरताना पित्ताची पिशवी फुटली आणि सगळं हिरवंगार झालं. आता मासा कडू होणार या धास्तीने मी भांड्यांचा साबण घेतला आणि त्याला खसाखसा घासला. फेस कोपरापर्यंत आला, तेवढ्यात ते पाणी प्यायला आत आले. फेसात वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "साबण किती वेळ ठेवायचा?"

मला वाटलं, टोमणा. पण ते खरंच विचारत होते, गं. आयुष्यभर त्यांनी मासे पकडले आणि बायकोने साफ केले. आता ती म्हणते, पकडलात तर साफही तुम्हीच करा. म्हणून बिचारे जावई शोधत होते. मग आम्ही दोघांनी मिळून तो मासा धुतला, शिजवला आणि एकेक घास गिळला (बोलताना तोंडातून बुडबुडे येतील असं वाटत होतं). तरी त्यांनी जाता जाता होकार दिला.

तुझा भाचा

ता. क. घरी जाऊन त्यांनी माझ्या हाताची इतकी तारीफ केली, की रविवारी त्यांचं अख्खं घर माझ्याकडे मासे खायला येतंय. तू शनिवारीच विळी घेऊन ये. कोणी विचारलं तर सहज आलीस म्हण.

ता. क. २ आत्ताच मुलीचा फोन आला. ती मासे खातच नाही. लहानपणापासून तिच्या ताटातला तुकडा तिची आई गुपचूप उचलते. तिच्या बाबांना याचा पत्ता नाही, आणि तूही बोलू नकोस. होकार त्यांनी माशाकडे बघून दिलाय.