एका वाफ्यावर भागत नाही

३ जून
आले बाई एकदाची! कापूस संशोधन केंद्रावरची माझी खोली छोटी, पण खिडकीतून सगळं प्रयोगाचं शेत दिसतं. चार गट, प्रत्येक गटात बारा वाणांचे बारा वाफे, कोणता वाण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. पेरणीला मजूर येईपर्यंत आम्ही चौघंच: साहेब, मुकादम, स्वयंपाकाच्या मावशी आणि मी. मावशींनी पहिल्याच जेवणाला मला 'काडी पैलवान' करून टाकलं.

५ जून
गेल्या वर्षी पहिल्या गटातल्या सातव्या वाफ्याने इतरांच्या दुप्पट कापूस दिला. पेरणीआधी तिथेच ट्रॅक्टरचालक नांगराखाली सापडून गेला होता. साहेबांना हा रक्ताचा गुण वाटतो. मला हसू आवरेना. मी शहाणपणा पाजळला, की एका वाफ्यावरून काही सिद्ध होत नाही, चारही गटांत चिठ्ठी टाकून तेच करून बघायला हवं. साहेबांनी ते लिहून घेतलं. इतक्या मोठ्या माणसाने माझं ऐकलं, फार बरं वाटलं.

११ जून
मुकादम गेले. दुसऱ्या गटात, भर दुपारी. गळा चिरलेला. रक्त सऱ्यांतून पाटाच्या पाण्यासारखं खेळवलेलं, वाफ्याबाहेर एक थेंब नाही. मावशी म्हणत राहिल्या, की मुंगीलासुद्धा न दुखवणारा माणूस हो. बांधावर नवी खुंटी, साहेबांच्या अक्षरात गट आणि वाफा.
हे मीच सांगितलं होतं.

१२ जून
फाटकाला कुलूप. रानडुकरांच्या कुंपणात वीज सोडलेली. फोनची तार तोडलेली. साहेबांच्या पाया पडले. चुकले म्हटलं, थांबवा. ते शांतपणे म्हणाले, की अर्धवट प्रयोगाला कुणी विचारत नाही.

१३ जून
मावशी. तिसरा गट. धावले, ओढायला गेले, तर हात माझ्या हातात आला. नुसता हात. कोयता चालूच होता. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून त्या—

दुपारी
दाराला कपाट लावलंय. फटीतून बारा चिठ्ठ्या आत आल्या. साहेब म्हणतात, वाफा तूच निवड, पक्षपात नको.
ओरडून सांगितलं, तीन गट पुरतात, गणित करून देते. म्हणाले, चार तूच म्हणालीस.
मग तुमचं रक्त का नाही, विचारलं. हसले. म्हणाले, मग कापूस मोजणार कोण?
फळीतून कोयत्याचं टोक—
कपाट हलतंय. उचलते, उचलते म्हटलं ना—
उघडली. वाफा नऊ. साहेब, मी अजून—